चौथी नखी डावऱ्याची

मी, या कागदाच्या शेवटी सही करणार, वय वर्षे एकाहत्तर, धंदा अंगठ्यांमध्ये हिरे बसवणे (हल्ली बंद), असे लिहून ठेवतो की मी पूर्ण शुद्धीत आहे, मला कोणी धमकावलेले नाही, गोड बोलून भुलवलेलेही नाही, आणि हा मजकूर मी माझ्या मर्जीने सांगत असून वकीलबाई तो उतरवून घेत आहेत. डोके ठिकाणावर असल्याबद्दल शेजारच्या डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हातांबद्दल कोणी दाखला मागितला नाही, हे बरे झाले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. एकदा करायला बसलो होतो, तेव्हा बायको म्हणाली, "आधी विसरलेला साबण आणा, मग खुशाल मरा." मी साबण आणायला गेलो आणि ते राहूनच गेले. पुढे तीच आधी गेली.

माणसांची कागदोपत्री नावे वकीलबाईंनी वेगळ्या यादीत लिहिली आहेत. इथे मी ज्याला जसे हाक मारतो तसेच लिहायला लावले आहे, कारण दुसऱ्या कुठल्या नावाने सांगू लागलो तर मलाच ते परके वाटते.

कलम पहिले. दुसऱ्या मजल्यावरचे माझे राहते दोन खोल्यांचे घर, त्यातील सामानासह, माझ्या एकुलत्या एक लेकीला मिळावे. स्वयंपाकघरातला नळ डावीकडे पूर्ण फिरवून मग थोडा मागे घ्यावा लागतो, नाहीतर ठिबकतो. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ त्या पाण्यावरून भांडायला येतील. त्यांना येऊ द्यावे, चहा द्यावा, आणि त्यांच्या बाल्कनीतून आमच्या पायऱ्यांवर एकोणीस वर्षे पडत असलेल्या पानांचा विषय काढावा. ते लगेच उठतात.

कलम दुसरे. बँकेतली शिल्लक जी काय असेल ती लेकीलाच. माझ्या मागे कसलाही सोहळा करू नये. मी आयुष्यभर सोहळ्यांचेच काम केले, मला त्यांचा कंटाळा आला आहे.

कलम तिसरे. थोरल्या बंधूंना भिंतीवरचे घड्याळ द्यावे. "हे वडिलांचं, म्हणजे माझं," असे ते या घरात आल्यावर दर खेपेला म्हणत आले आहेत. पाहुणचार कितीही करा, निघताना नजर घड्याळावर. तर ते त्यांना मिळो. ते रोज अकरा मिनिटे मागे पडते, हे त्यांना आपण होऊन सांगू नये. वकीलबाई म्हणाल्या, "हे कागदावर आलं की त्यांना कळणारच ना." कळू द्या. घेतल्यावर कळू द्या म्हणजे झाले.

कलम चौथे. बायकोची अंगठी. हिरा नाही, नक्षी नाही, साधे पातळ वळे, आतून झिजलेले. लोकांच्या बायकांच्या बोटांवर मी हजारो हिरे चढवले आणि हिच्या बोटात हे. "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच," असे ती हसत म्हणायची, पण म्हणायची हेही खरे. ती अंगठी लेकीने ठेवावी. वितळवून नव्या अंगठीत घालू नये, मी तसा विचार केला होता आणि सोडून दिला.

कलम पाचवे. आता मुद्द्यावर येतो. हे सगळे मी ज्याच्यासाठी मांडले ते या कलमात आणि पुढच्या दोन कलमांत आहे. घर आणि शिल्लक तर न लिहिताही तिलाच गेली असती.

माझ्या लेकीचे लग्न ठरले आहे, पण साखरपुड्याची तारीख चार महिने अडून बसली आहे. ती माझ्यामुळे अडली आहे. चार महिन्यांपूर्वी ती आणि तो मनुष्य माझ्यासमोर बसले आणि ती म्हणाली, "बाबा, अंगठी तुम्हीच करायची. दुसऱ्या कुणाच्या हातची मी घालणार नाही." मी म्हणालो, बघू. मग म्हणालो, डोळे थकलेत. मग म्हणालो, वेळ नाही. वेळ नाही म्हणणारा माणूस दिवसभर खिडकीशी बसून रस्ता बघतो, हे तिला दिसते. ती दातांची डॉक्टर आहे, तोंड उघडण्याआधीच तिला कळते कुठे दुखते ते. पण यावेळी तिने चुकीची दाढ धरली आहे. तिला वाटते, मला तो मनुष्य पसंत नाही म्हणून मी अंगठी टाळतो. गेल्या महिन्यात ती दाराशी चप्पल घालता घालता म्हणाली, "नको असेल तर स्पष्ट सांगा ना, मी तारीखच काढत नाही." आणि गेली. तेव्हापासून घरात आम्ही कामापुरते बोलतो.

तर लेकी, कारण असे आहे. माझा उजवा हात कापतो. दीड वर्ष झाले. चहाचा कप मी तुझ्यासमोर दोन्ही हातांनी धरतो तो थंडीमुळे नाही. हिरा सगळ्यात कठीण असतो हे खरे, पण काठावर चुकीचा दाब पडला की टवका उडतो, आणि उडालेला टवका कोणाच्या बापाला परत लावता येत नाही. तुझा खडा मी फोडला असता. हे तुला तोंडावर सांगायची लाज वाटली. एवढेच.

कलम सहावे. तिची अंगठी खालीलप्रमाणे व्हावी.

धातू: तिला पांढरे हवे. मला पांढरे सोने आवडत नाही, दर दोन वर्षांनी त्याला मुलामा द्यावा लागतो आणि तरी ते आपले सोनेपण लपवतच बसते. पण बोट तिचे आहे. अठरा कॅरेटचे घ्यावे. चोख सोन्यासाठी हट्ट धरणारे वरपक्षात निघतील, त्यांना सांगावे की चोख सोने मऊ असते, त्यात हिरा टिकत नाही. ते ऐकणार नाहीत. तरी सांगावे.

बैठक: ती दिवसभर हातमोजे घालते. सोन्याच्या ज्या बारीक काड्या वर येऊन खडा पकडतात, त्यांना आम्ही नख्या म्हणतो. नखीची अंगठी दिसायला मोठी झोकात, पण ती मोजे फाडते, केसांत अडकते, आणि एखादी नखी उचकटली की खडा गेला. म्हणून बुटके, बंद कोंदण करावे, सोन्याची कड सगळीकडून खड्यावर वळवून. खडा दिसायला जरा लहान वाटेल. वाटू दे.

हिरा: त्या मनुष्याने प्रयोगशाळेत तयार केलेला आणला आहे. तो हवामान खात्यात आहे, काही विचारले की टक्क्यांत उत्तर देतो. मला म्हणाला, "नव्वद टक्के लोकांना डोळ्यांनी फरक कळत नाही." मी म्हणालो, उरलेल्या दहांत मी येतो. खडा भिंगाखाली धरला, अर्धा तास बघितला, आणि मला काहीही फरक कळला नाही. हे मी त्याला सांगितलेले नाही, इथे सांगतो. खडा उत्तम आहे. जन्म कुठे झाला यावरून हिऱ्याची लायकी ठरत नाही, हे व्याह्यांनाही ऐकवावे, तेही थोडे घराण्याचे बोलतात. मात्र कोंदणाच्या कडेखाली जाणारा काठ आधी नीट तपासून घ्यावा. एकदा कड वळवली की तिच्याखाली काय आहे ते कोणी बघत नाही.

ही अंगठी डावऱ्याने बसवावी. दुसऱ्या कोणीही नाही.

इथे वकीलबाईंनी पेन खाली ठेवले. म्हणाल्या, "काका, हे मृत्युपत्रात बसत नाही. तुम्ही गेल्यावर कागद उघडणार, तोवर मुलीचा साखरपुडा थांबवायचा? आणि हे डावरा कोण? ते तयार आहेत का?" मी म्हणालो, "बाई, जिवंतपणी बोलायची हिंमत असती तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?" त्यांनी पेन उचलले. चांगल्या आहेत, फी मात्र मजबूत घेतात.

कलम सातवे. डावरा कोण ते.

डावरा आणि मी बावीस वर्षे एका टेबलाशी समोरासमोर बसून काम केले. तो डावखुरा, मी उजवा, खिडकी एका बाजूला. चौकोनी हिऱ्याला चार कोपऱ्यांवर चार नख्या असतात. तीन माझ्या हाताला सोप्या पडत, चौथी आडनिडी, हाताची सावली तिच्यावरच पडायची. तीच डावऱ्याला समोरून सरळ पडे. म्हणून आमची रीत ठरून गेली होती: मी तीन दाबायच्या, अंगठी टेबलावरून पलीकडे सरकवायची, चौथी त्याने दाबायची. "चौथी नखी डावऱ्याची" हे आमच्या दुकानात बोलण्यातच पडले होते. चहाचे चार कप आले तरी कोणी ना कोणी म्हणायचेच, चौथा डावऱ्याचा.

तेहतीस वर्षांपूर्वी एक चौकोनी हिरा आला, साखरपुड्याच्याच अंगठीचा. तिसरी नखी दाबताना माझे हत्यार सटकले आणि चौथ्या कोपऱ्यावर जाऊन आदळले. टिच् असा आवाज आला. एवढासा टवका, जिरे त्याहून मोठे असेल. दुकानात रेडिओ चालू होता, कोणाला काही ऐकू गेले नाही. मी चौथी नखी थोडी पुढे ओढली, टवका तिच्याखाली घेतला, अंगठी पलीकडे सरकवली आणि म्हणालो, "चौथी तेवढी बसव." त्याने बसवली. त्याच्या हाताखाली आले तेव्हा झाकलेलेच आले होते.

दोन महिन्यांनी अंगठी परत आली. नखी कशात तरी अडकून उचकटली होती आणि टवका उघडा पडला होता. मालकांनी भिंग लावले. नखी दाबली की तिच्यावर हत्याराचा वळ उमटतो, आणि डाव्या हाताचा वळ उलटा पडतो. कोपरा चौथा, वळ डावा. मालकांनी मला एकच विचारले, "तू पलीकडे दिलास तेव्हा खडा सलग होता?"

मी म्हणालो, "होता."

बायकोला सातवा महिना होता. नोकरी गेली असती. ही कारणे मी तेहतीस वर्षे स्वतःला ऐकवत आलो आहे आणि ती खोटी नाहीत, पण आता ती ऐकून ऐकून मला शीण आला आहे. डावरा काहीच बोलला नाही. त्याला त्याच दिवशी काढले आणि गावातल्या कोणत्याही दुकानाने त्याच्या हातात पुन्हा खडा दिला नाही. जाताना दारात थांबून मला म्हणाला, "वहिनीला जप." इतकेच. तेव्हापासून तो चष्म्याच्या दुकानात बसतो, काड्यांचे स्क्रू पिळतो. माझ्या चष्म्याची काडी सैल झाली तर मी दोन गल्ल्या लांब दुसऱ्याकडे जातो. एकदा पाऊस होता, तरी गेलो.

गिऱ्हाइकाला मालकांनी दुसरा खडा बसवून दिला होता; पुढे त्यांनी धंदा गुंडाळला तेव्हा तो टवका उडालेला हिरा मी त्यांच्याकडून मागून घेतला. तो कागदाच्या पुडीत माझ्या खणात आहे. ती पुडी, आणि माझी सगळी हत्यारे, म्हणजे भिंग, चिमटे, कानशी, अंगठी घट्ट धरायचा लाकडी शिकंजा आणि छोटी ऐरण, डावऱ्याला द्यावीत. लिखापढीवर त्याने विश्वास ठेवण्याचे कारण नाही. खडा भिंगाखाली धरावा. तडा उजवीकडून सुरू होतो, तिसऱ्या नखीच्या बाजूने. समोर बसलेल्या डावऱ्या माणसाचे हत्यार तिथे पोचूच शकत नाही. त्या दिवशी नखी पूर्ण उघडून बघितली असती तर मालकांनाही हे कळले असते.

त्याने मला माफ करावे अशी अट मी घातलेली नाही. घालता येते का, असे वकीलबाईंना विचारले होते. नाही म्हणाल्या.

कलम आठवे. वर न आलेले जे काही उरेल ते लेकीचे.

याच्यापुढे सह्या व्हायच्या होत्या. पण वरील मजकूर पक्का झाल्यावर आज सकाळी जे घडले ते वकीलबाईंचा सल्ला डावलून इथे जोडायला लावत आहे. आपण मेल्यावर डावऱ्याला असा कागद मिळावा आणि त्याला शिवीसुद्धा देता येऊ नये, हे मला बरे वाटेना. म्हणून मी निरोप पाठवला, ये आणि एक कागद वाच. येईल असे वाटले नव्हते. दहा वाजता दारात उभा. केस सगळे गेलेले, हातात चष्म्याच्या दुकानाची पिशवी. "जिने फार आहेत तुझे," म्हणाला.

मी त्याला सातवे कलम दिले. त्याने ते दोनदा वाचले. मग खणातली पुडी मागितली, माझे भिंग डोळ्याला लावले आणि खिडकीशी गेला. सह्यांसाठी वकीलबाई आणि साक्षीदार म्हणून डॉक्टर येऊन बसले होते. बराच वेळ तो खडा फिरवत राहिला. मी म्हणालो, "मला माहीत आहे, तू माझं तोंड बघायला नको म्हणत असशील. तुझ्यावर आळ आला आणि तुला ठाऊक असून तू..."

"मला काय ठाऊक?" तो वळला. "मला वाटत होतं माझ्याच हातून झालं."

"तेहतीस वर्षं," तो म्हणाला. "रोज आठवून बघायचो, कुठे जोर जास्त पडला. घरी मी त्या दिवसापासून डाव्या हाताने काही केलं नाही. जेवतो उजव्याने. स्क्रू उजव्याने पिळतो. बायको हसायची, म्हणायची, हे काय नवीन खूळ. मी म्हणायचो, डाव्यावर माझा भरवसा नाही राहिला." त्याचा आवाज चढला. "अरे, मीच तुझी माफी मागणार होतो! माझ्यामुळे तुझ्या कामाला बट्टा लागला म्हणून!"

तो माझा राग करत असेल असे धरून मी इतकी वर्षे लपत फिरलो. तो राग तरी त्याच्यापाशी असेल असे मला वाटत होते. तोही मी त्याच्याकडून काढून घेतला होता. मी रडलो. असे कागदावर लिहीत नाहीत, पण रडलो, आणि त्याने मला गप्प केले नाही.

नेमकी तेव्हाच लेक घरी आली. तिचा सकाळचा एक रुग्ण आला नव्हता. डावऱ्याने तिच्याकडे बघितले, मग सहावे कलम उचलले, वाचले, आणि म्हणाला, "अंगठी मी बसवतो. पण मेलेल्या माणसाच्या हुकमाने नाही. पोरीला आत्ता सांग, माझ्यासमोर."

मी सांगितले. आधी हाताचे, मग टवक्याचे. हात टेबलावर ठेवून दाखवला, तो कापतच होता. ती खुर्चीत बसली. म्हणाली, "चार महिने मला वाटत होतं, तुम्हाला तो आवडत नाही."

"आवडत नाहीच," मी म्हणालो. "पण त्याचा अंगठीशी काही संबंध नाही."

ती हसली आणि लगेच तिचे डोळे भरले. माझ्याशी पुढे काही बोलली नाही. टवक्याच्या गोष्टीवर तर नाहीच, ते ती इतक्यात पचवणार नाही आणि मी घाई करणार नाही. ती डावऱ्याकडे वळली. "काका, मी तुमची माफी मागू का?"

"तू कशाला?" डावरा म्हणाला. "तू तर पोटात होतीस."

मग त्याने तिच्या बोटाचे माप विचारले. गुरुवारी दुपारी काम करायचे ठरले आहे, उजेड चांगला असतो तेव्हा. शिकंजा मी फिरवणार, तेवढे कापऱ्या हाताला जमते. कड तो दाबणार. सबब कलम सहावे रद्द समजावे. ते काम मृत्युपत्रातले राहिलेले नाही.

हत्यारे त्याला नकोत. म्हणाला, माझी मला आहेत, ट्रंकेत ठेवली आहेत. दुसऱ्या साक्षीदाराची जागा मोकळी होती, त्याने पेन मागितले. वकीलबाई घाईने म्हणाल्या, "थांबा, साक्षीदार म्हणून सही केलीत तर या कागदातलं तुम्हाला काहीच मिळणार नाही. हिरासुद्धा नाही."

"कळलं," तो म्हणाला. "तो ह्याच्याच खणात राहू दे."

तेव्हा सातव्या कलमातली देणगी संपली, मजकूर मात्र तसाच ठेवावा, खोडू नये. माफ केले असे तो म्हणालेला नाही. मी विचारले नाही. त्याने पेन उजव्या हातात धरले, कागदाशी नेले, आणि तिथेच थांबला. आम्ही चौघे बघत होतो. मग त्याने पेन दुसऱ्या हातात घेतले. सही करायला त्याला फार वेळ लागला.

वर लिहिलेले सर्व मी वाचून घेतले, ते माझेच आहे, आणि खालील दोघांच्या देखत सही करत आहे.

लिहून ठेवणार: सही (कापरी आहे, पण माझीच आहे)

साक्षीदार पहिला: शेजारचे डॉक्टर, सही

साक्षीदार दुसरा: डावरा, सही, डाव्या हाताने

स्थळ: राहत्या घराची पुढली खोली
दिनांक: १४ मार्च २०२३, मंगळवार